गुलेर : शैलीचे गाव, चित्रकारांचे घर

हिमाचल प्रदेशाच्या कांगडा जिल्ह्यात बाणगंगेच्या काठी हरिपूर-गुलेर हे लहानसे गाव आहे. पहाडी चित्रकलेचा इतिहास वाचून तेथे जाणाऱ्याच्या पदरी प्रथम निराशाच पडते. ढासळलेला किल्ला, काही जुनी मंदिरे आणि जवळच पोंग धरणाचा अफाट जलाशय. बियास नदीवरील हे धरण १९७४ साली पूर्ण झाले, तेव्हा या मुलखातील कितीतरी गावे पाण्याखाली गेली. ज्या चित्रांमुळे गुलेरचे नाव जगभर पोचले, ती पाहण्यासाठी मात्र चंडीगड, झुरिक किंवा लंडन गाठावे लागते.

या राज्याचा आरंभच एका गैरसमजातून झाला, असे आख्यायिका सांगते. पंधराव्या शतकाच्या आरंभी कांगड्याचा राजा हरिचंद शिकारीच्या वेळी विहिरीत पडला. तो मेला असे समजून राण्या सती गेल्या आणि धाकटा भाऊ गादीवर बसला. वाचलेला हरिचंद परतला नाही. त्याने हरिपूर वसवले. थोरली पाती अशी धाकट्या राज्याची धनी झाली.

अठराव्या शतकात याच गुलेरमध्ये पंडित सेऊ या चित्रकाराचे घर होते. कुळ मुळात सुतारांचे. माणकू आणि नैनसुख हे सेऊचे दोन मुलगे. माणकूचा पिंड पौराणिक विषयांचा. नैनसुखाची नजर समोरच्या माणसावर. जसरोट्याच्या बलवंतसिंहाला त्याने तंबूत पत्र लिहिताना रेखाटले आणि दाढी कोरून घेतानाही. आश्रयदात्याला इतक्या जवळून, इतक्या निर्मळपणे पाहणारी दृष्टी त्या काळच्या भारतीय चित्रकलेत विरळाच.

परंतु इतिहासकारांना ही माणसे दीर्घकाळ दिसलीच नाहीत. आनंद कुमारस्वामींनी १९१६ साली राजपूत चित्रकलेची राजस्थानी व पहाडी अशी विभागणी केली. पुढे अभ्यासकांनी पहाडी चित्रे संस्थानवार लावली : बसोली, गुलेर, जम्मू, कांगडा. शैली ही जणू राजाची जहागीर! याच रीतीने माणकूच्या १७३० च्या गीतगोविंद-मालिकेवर ‘बसोली’ची चिठ्ठी चिकटली, तर बलवंतसिंह जम्मूचा ठरला.

ही मांडणी बदलली ब्रिजेंद्रनाथ गोस्वामी यांनी. ‘मार्ग’ या मुंबईच्या नियतकालिकात १९६८ साली त्यांनी प्रतिपादन केले की, पहाडी शैलीचा पाया दरबार हा नसून कुटुंब हा आहे. त्यासाठी लागणारा पुरावा त्यांनी शोधला तो हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत. नाशिक-त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या पूर्वजांची नावे पाहिलेल्या मराठी वाचकाला हे दप्तर परके नाही. १७६३ साली बलवंतसिंहाच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेलेल्या नैनसुखाने तेथल्या वहीत नोंद केली आणि सोबत एक रेखाचित्रही काढून ठेवले. दरबारी बखरीला ज्याची गरज वाटली नाही, तो चित्रकार श्राद्धविधीच्या कागदपत्रांत सापडला.

मग ‘गुलेर शैली’ हे नाव टाकून द्यावे काय? येथे आपल्या संगीतातील घराण्यांचा दाखला उपयोगी पडेल. किराणा घराण्याचे नाव उत्तर प्रदेशातील कैराना गावाचे. अब्दुल करीम खाँ मात्र मिरजेत स्थिरावले. गायकी माणसांबरोबर हिंडली, नाव गावाचे राहिले. सेऊच्या वंशजांचेही तसेच झाले. मुले-नातवंडे निरनिराळ्या दरबारांत पांगली आणि पुढे ‘कांगडा’ म्हणून जी नाजूक, लयदार शैली वाखाणली गेली, तिचे मूळ बव्हंशी याच घरात आहे.

तरीही गोस्वामींच्या सिद्धान्ताने गाव पुसले जात नाही. पंड्यांच्या वह्या गाव आणि जात यांनुसारच लावलेल्या असतात, आणि हे कुटुंब त्यांत सापडले ते गुलेरचे म्हणूनच. संस्थानाची हद्द शैलीला लावणे चुकीचे होते. पण माणूस परक्या तीर्थावर जे गाव आपले म्हणून सांगतो, ते इतिहासकाराने वगळणेही तितकेच चुकीचे ठरेल. हरिपूरच्या पडक्या भिंतींमध्ये एकही चित्र उरले नसले, तरी तेथे जाण्याचे प्रयोजन उरते ते एवढ्यासाठी.