कोचगावची गाडी

कोच हे हंगेरीतल्या एका लहान गावाचे नाव आहे. बुडापेस्टच्या पश्चिमेला, व्हिएन्नाकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर ते वसले आहे. पंधराव्या शतकात, राजा मात्याश कोर्विनुसच्या काळात (१४५८–१४९०), इथल्या कारागिरांची हलकी, लांबच्या पल्ल्याला सोयीची घोडागाडी नावाजली गेली. हंगेरियन भाषेत तिला ‘कोचि सेकेर’ म्हणत, म्हणजे कोचची गाडी. पैठणची ती पैठणी, कोल्हापूरची ती कोल्हापुरी, तशी कोचची ती कोचि. पैठणीतला ‘साडी’ हा शब्द जसा गळून पडला, तसा ‘सेकेर’ही गळाला आणि गावाचे नाव तेवढे गाडीला चिकटले. पुढे गाडीबरोबर शब्दही रस्त्याला लागला. जर्मनांनी त्याचे ‘कुत्शे’ केले, फ्रेंचांनी ‘कोश’, स्पॅनिशांनी ‘कोचे’. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत ‘कोच’ झाला. हंगेरीत मोटारीला आजही कोचि म्हणतात.

इंग्रजांबरोबर ‘कोच’ हा शब्द हिंदुस्थानात आला. कोचमनचा, गाडीवानाच्या चालीवर, कोचवान झाला. रेल्वेच्या डब्यालाही हेच नाव मिळाले. मराठी दिवाणखान्यात ज्यावर बसतात तो कोच मात्र या घराण्यातला नाही. तो इंग्रजी ‘काउच’वरून आलेला, आणि त्याचे मूळ ‘आडवे होणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात आहे. उच्चार एक झाला म्हणून कूळ एक होत नाही.

गाडीचा माणूस झाला तो इंग्लंडच्या विद्यापीठांत. १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी खासगी शिकवणी घेणाऱ्याला ‘कोच’ म्हणू लागले. परीक्षेच्या खडतर वाटेवरून हा माणूस पोराला बसल्या जागी पलीकडे नेऊन सोडतो, असा त्यातला टोमणा होता. टोमणा शिक्षकापेक्षा शिष्यालाच जास्त लागू होता, कारण गाडीत बसलेल्याला चालावे लागत नाही.

केंब्रिजमध्ये या धंद्याला मोठी प्रतिष्ठा आली. तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर आणि पहिल्या क्रमांकाला सीनियर रँग्लर म्हणत. महाविद्यालयातली व्याख्याने त्यासाठी पुरेशी पडत नसत. तिथला गणितज्ञ विल्यम हॉपकिन्स विवाहित होता आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे विवाहिताला फेलोची जागा मिळत नसे. म्हणून तो खासगी शिकवण्यांकडे वळला. निवडक मुलांचे लहान गट करून तो त्यांच्याकडून गणिते घासून घेई. १८४९पर्यंत त्याच्या हाताखालून १७ सीनियर रँग्लर बाहेर पडले होते. लॉर्ड केल्विन आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल हेही त्याचेच विद्यार्थी. मराठी वाचकाला ही परीक्षा परकी नाही: १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले आणि ‘रँग्लर’ ही पदवी त्यांच्या नावाआधी कायमची लागली.

ऑक्सफर्ड-केंब्रिजचा हा अर्थ आज सर्वांत टवटवीत आहे तो भारतातल्या कोचिंग क्लासच्या पाट्यांवर. लातूरचेच पाहावे. बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेला लातूर पॅटर्न तिथला, आणि रेल्वेचे डबे बांधण्यासाठी उभारलेला कोच कारखानाही तिथलाच. हंगेरीतल्या एका खेड्याच्या नावाचे दोन अर्थ एकाच शहरात नांदत आहेत.

परीक्षेतून हा शब्द खेळात शिरला तो १८६०च्या दशकात, आणि विद्यापीठांच्या नदीवरूनच. वल्हवणाऱ्या चमूला शिकवणारा काठाकाठाने घोड्यावरून जात ओरडून सूचना देई. तिथून हा शब्द सगळ्या मैदानांवर पसरला. भारतात प्रशिक्षकांच्या शास्त्रशुद्ध शिक्षणासाठी १९६१ साली पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि तिची पदविका ही सरकारी प्रशिक्षकाची ओळख बनली. मराठी मैदानावर मात्र ‘कोच’ हा संबोधनाचा शब्द झाला नाही. शिवाजी पार्कवर क्रिकेट शिकवणारे रमाकांत आचरेकर सगळ्यांचे ‘सर’च होते.

या सर्व काळात कोच म्हणजे जाणता माणूस, हे गृहीत होते. त्याला तडा दिला टिमोथी गॅलवे या अमेरिकी टेनिस शिक्षकाने. ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे त्याचे पुस्तक १९७४ साली आले. मनगट असे धरा, खांदा तसा वळवा, या सूचनांनी खेळाडूचे डोके भरते आणि हात अडखळतो, असे त्याचे निरीक्षण होते. त्यावर त्याने एक साधा सराव काढला. चेंडू जमिनीवर पडला की खेळाडूने मोठ्याने ‘टप्पा’ म्हणायचे आणि रॅकेटला लागला की ‘फटका’. बाकी काही सांगायचे नाही. दोन शब्द वेळेवर म्हणण्यात मन गुंतले की चुकण्याची धास्ती मागे पडते आणि फटका सुधारू लागतो. शिकवणाऱ्याने कमी शिकवावे, हा विचार इथून मूळ धरतो.

जॉन व्हिटमोर या ब्रिटिश मोटारशर्यतपटूने हा विचार इंग्लंडमध्ये नेला आणि कारखाने, बँका, कंपन्यांच्या व्यवस्थापकांपुढे मांडला. १९९२च्या त्याच्या ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ने ‘ग्रो’ ही चौकट सर्वतोमुखी केली: ध्येय काय, आजची स्थिती काय, पर्याय कोणते, आणि त्यांतले काय करणार. त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस लेनर्ड या मूळच्या आर्थिक सल्लागाराने ‘कोच यू’ ही शिक्षणसंस्था काढली. १९९५ साली त्यानेच आज इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या नावाने ओळखली जाणारी संघटना स्थापन केली. जगभर सर्वांत जास्त मानले जाणारे प्रमाणपत्र तिचेच.

या प्रमाणपत्राच्या तीन पायऱ्या आहेत. असोसिएट कोचाला ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो; प्रोफेशनलला १२५ आणि ५००; मास्टरला २०० आणि २,५००. अनुभवाचे बहुतेक तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात, आणि ही अट शहाणपणाची आहे: पैसे मोजून बसलेला माणूस नुसत्या गप्पांवर समाधान मानत नाही. शिवाय निदान तीन महिन्यांत विभागलेले दहा तास अनुभवी मेंटर कोचासोबत काढायचे असतात, आणि लेखी परीक्षा असते. संभाषणाचे ध्वनिमुद्रण आणि त्याची शब्दशः उतरवलेली प्रत परीक्षकांपुढे जाते.

या शिक्षणाच्या वर्गातला सराव बहुधा तिघांचा असतो: एक कोच, एक अशील, एक निरीक्षक. समजा अशील म्हणतो, “नोकरी सोडावी की नाही, कळत नाही.” शिकाऊ कोचाच्या ओठांवर पहिले येते ते “माझं ऐका, सहा महिने थांबा.” निरीक्षक ते टिपतो. दुसऱ्या खेपेला शिकाऊ कोच विचारतो, “मग सोडून का देत नाही?” प्रश्नचिन्ह असले तरी हा सल्लाच. तिसऱ्या खेपेला येते, “सोडली असं धरलं, तर सोमवारी सकाळी तुमचा दिवस कसा सुरू होईल?” आणि मग गप्प बसायचे. ‘माझं ऐका’ हे ज्या समाजात वडीलकीचे लक्षण आहे, तिथे हे गप्प बसणेच सर्वांत जड जाते.

प्रमाणपत्राला कायद्याची सक्ती नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी. कोचाची पाटी भारतात कुणीही लावू शकतो. मानसिक आजार मात्र या कामाच्या कक्षेबाहेर आहेत, आणि तशी लक्षणे दिसली की अशिलाला तज्ज्ञाकडे पाठवावे, असे प्रशिक्षणात शिकवले जाते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. नूतनीकरणासाठी ४० तासांचे नवे शिक्षण दाखवावे लागते, आणि असोसिएट पातळीवरच्यांना पुन्हा दहा तास मेंटर कोचासमोर बसावे लागते.