सेंट बेनेडिक्ट्स प्रेप

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क शहरात बेनेडिक्टाइन संन्याशांनी 1868 मध्ये स्थापन केलेली कॅथलिक शाळा. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेल्या 73 प्रकरणांच्या नियमावलीवर तिचे शालेय जीवन बेतलेले आहे. 1967 च्या दंगलीनंतर शहराची वस्ती झपाट्याने बदलली आणि 1972 मध्ये शाळा बंद पडली. मठ न सोडलेल्या मोजक्या संन्याशांनी ती पुढच्याच वर्षी पुन्हा उघडली. एकाच ठिकाणी टिकून राहण्याचे बेनेडिक्टाइन व्रत याहून ठळकपणे क्वचितच पाळले गेले असेल.

महत्त्वाच्या निर्णयापूर्वी मठाधिपतीने सर्वांचे, अगदी धाकट्यांचेही मत ऐकावे, असे नियमावलीचे तिसरे प्रकरण सांगते. येथे ते मनापासून अमलात येते. सकाळच्या सभेत प्रार्थना होते, हजेरी विद्यार्थी-नेतेच घेतात आणि कोणी आला नसेल तर त्याची विचारपूस त्याच्या गटानेच करायची असते. नववीचे विद्यार्थी अ‍ॅपलेचियन पायवाटेवर गटागटाने सुमारे 55 मैल चालतात. दमलेल्या सोबत्याला मागे टाकून पुढे जायचे नसते. 2020 पासून शाळेत मुलींनाही प्रवेश दिला जातो.