उद्यानांचे त्रिविध भेद आणि बडोद्याच्या दोन बागा

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात मनुष्यकृत वनांचे जे भेद दिले आहेत, ते इतिहासाभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. अमात्याच्या किंवा गणिकेच्या गृहाशी संलग्न असे जे उपवन ती वृक्षवाटिका. राजाचे असूनही सर्वांस साधारण असे जे वन ते आक्रीड अथवा उद्यान. आणि केवळ अंतःपुरास उचित असे जे ते प्रमदवन. हे भेद झाडांच्या जातीवरून किंवा रचनेवरून केलेले नाहीत. बाग कोणाची आणि तीत प्रवेश कोणास, या दोनच प्रश्नांवर ते उभे आहेत. हेच दोन प्रश्न आपल्या इकडील एका राजघराण्याच्या बागांना विचारून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वृक्षवाटिकेचे जगप्रसिद्ध उदाहरण फ्रान्स देशात आहे. पॅरिसच्या आग्नेयीस मेलँ या नगराजवळ व्हो-ल-व्हिकाँत नावाची वाडी आहे. चौदाव्या लुईचा अर्थाध्यक्ष निकोला फुके याने ती उभारली. वाडा ल व्हो याने बांधला, आतील चित्रकाम ल ब्रँ याने केले आणि बाग आंद्रे ल नोत्र याने रचिली. इ. स. १६६१ च्या १७ ऑगस्ट रोजी फुकेने राजास तेथे मेजवानी दिली. ५ सप्टेंबर रोजी तो कैद झाला. अमात्याची वाटिका राजाच्या बागेहून सरस ठरली, हे त्या तरुण राजाच्या मनास लागले असे म्हणतात. त्याच्या नाशाची सिद्धता मात्र आधीपासून चालू होती, हेही विसरता कामा नये. फुके १६८० मध्ये बंदिवासातच वारला. त्याचे तिन्ही कारागीर आणि नारिंगाची झाडे व्हर्सायला गेली. येथे एक गोष्ट विशेष आहे : धनी बुडाला, पण माळ्याचे नाव तरले. आजही त्या बागेचे नाव घेताना ल नोत्रचे नाव घेतल्यावाचून कोणी पुढे जात नाही.

आता बडोद्याकडे वळू. तिकडील कथेचा आरंभ आमच्याच नाशिक जिल्ह्यात होतो. मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी काशीराव गायकवाड यांच्या घरी १८६३ साली गोपाळराव जन्मले. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी त्यांस दत्तक घेतले, व ते सयाजीराव झाले. तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते. योगायोग असा की, त्याच १८७५ साली साखरेचा कारखानदार आल्फ्रेद सोमिए याने उजाड पडलेली व्होची वाडी विकत घेतली व ल नोत्रची बाग पुन्हा उभी करण्यास आरंभ केला.

बडोद्याच्या दोन बागा प्रसिद्ध आहेत. पहिली लक्ष्मीविलास राजवाड्याची. वाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ते १८८१ मध्ये वारल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेले व १८९० मध्ये ते संपले. मूळचे आवार सुमारे ७०० एकरांचे सांगतात. बाग क्यू येथील वनस्पती-उद्यानात पूर्वी काम केलेले विल्यम गोल्डरिंग यांनी आखिली. आवारात नवलखी नावाची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. ती इ. स. १४०५ च्या सुमाराची, म्हणजे वाड्याहून सुमारे पावणेपाचशे वर्षांनी वडील. तिचे पाणी बागेस पुरविले जाई. व्हर्सायच्या कारंज्यांसाठी सेन नदीतून पाणी चढविण्यास मार्ली येथे चौदा चक्रांचे अवाढव्य यंत्र १६८४ मध्ये सिद्ध झाले, तरी सर्व कारंजी एका वेळी चालेनात. राजा जवळ येताच माळी शिट्टी वाजवून पुढचे कारंजे सोडीत. बडोद्यास जुन्या विहिरीचा आधार आयता मिळाला. ही बाग राजकुटुंबासाठी होती. अमरसिंहाच्या परिभाषेत तिला प्रमदवनाच्या पंक्तीस बसवावे लागेल.

दुसरी कमाटीबाग, जिला आज सयाजीबाग म्हणतात. विश्वामित्री नदीच्या काठची सुमारे ११३ एकरांची ही बाग १८७९ मध्ये नगरवासीयांसाठी खुली झाली. हे अक्षरशः साधारण उद्यान होय.

या दोन्ही बागांचे श्रेय लोक सरसकट सयाजीरावांस देतात. परंतु सालांकडे पाहावे. सयाजीरावांस पूर्ण अधिकार मिळाले ते १८८१ च्या डिसेंबरात. १८७९ मध्ये ते सोळा वर्षांचे विद्यार्थी होते, आणि कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते. हे माधवराव कुंभकोणम् येथे जन्मलेले, तंजावरकडील महाराष्ट्रीय. त्रावणकोर व इंदूर या संस्थानांची दिवाणगिरी करून ते बडोद्यास आले होते. म्हणजे येथे अमात्याने बाग केली खरी, पण ती स्वतःच्या गृहाशी न जोडता प्रजेस जोडिली. फुके व माधवराव यांच्यातील अंतर याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग सयाजीरावांचे काय उरले? पुष्कळ उरले. अल्पवयी राजाच्या नावे झालेले काम अधिकार हाती आल्यावर मोडणारे राजे इतिहासात थोडे नाहीत. सयाजीरावांनी ही बाग मोडली नाही, कुंपण घालून आपलीशी केली नाही. उलट तीत वस्तुसंग्रहालय उभे राहिले, त्याची इमारत १८९४ ची. क्यूहून १८९३ मध्ये आलेला क्रुम्बीगेल हा जर्मन उद्यानशास्त्रज्ञ त्यांनी पदरी ठेविला. पुढे बंगळूरच्या लालबागेमुळे त्याची ख्याती झाली. आरंभाचे श्रेय एकाचे, रक्षणाचे व वर्धनाचे दुसऱ्याचे, असा निवाडा केल्याने दोघांसही उणेपणा येत नाही.

राजवाड्याचा काही भाग आज तिकीट काढून पाहता येतो. व्होची वाडीही १९६८ पासून लोकांस खुली आहे. प्रमदवन व वृक्षवाटिका दोन्ही कालगतीने साधारण झाल्या. परंतु कमाटीबागेस कालगतीची वाट पाहावी लागली नाही. तिच्या नावात आज महाराजांचे नाव आहे, ते यथायोग्यच आहे. मात्र तिचा इतिहास लिहिणाऱ्याने पहिल्या पानावर १८७९ हे साल आणि माधवरावांचे नाव लिहावे, आणि लक्ष्मीविलासाच्या बागेच्या वर्णनात गोल्डरिंग यास वगळू नये. व्होस माळ्याचे नाव राहिले. तेवढा न्याय बडोद्यानेही करावा, इतकेच म्हणणे आहे.

एकलहरे, जि. नाशिक