देवी, फुटलेले टायर आणि एक लेफ्टनंट कर्नल

स्टाफ कार म्हटली की आपल्या पिढीच्या फौजीला अँबेसेडरच आठवते. जड, मजबूत, कुरकुरत का होईना पोचवणारी आणि कुठल्याही नाक्यावरच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येणारी. ती 1957-58 च्या सुमारास आपल्या रस्त्यांवर आली. तिच्या दोन-तीन वर्षे आधी फ्रान्समध्ये एक घरगुती सेडान अवतरली होती. स्वभावाने ती अगदी उलट होती. तिचे नाव सित्रोएन डीएस. ही दोन अक्षरे फ्रेंचमध्ये भरभर उच्चारली की ‘देवी’ असा अर्थ होतो.

5 ऑक्टोबर 1955 रोजी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात तिच्यावरचा पडदा उठला आणि पहिल्याच दिवशी सुमारे 12,000 मागण्या नोंदल्या गेल्या. आकार होता फ्लामिनिओ बेर्तोनी या शिल्पकाराचा, तर अभियांत्रिकीची सूत्रे आंद्रे लफेव्हर यांच्याकडे होती. पण तिचा खरा जीव होता पॉल माजेस यांच्या सस्पेन्शनमध्ये. माजेस यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. सतराव्या वर्षी ते कंपनीत नोकरीला लागले आणि तिथेच शिकले.

त्यांनी पोलादी स्प्रिंगाच काढून टाकल्या. प्रत्येक चाकाला एक धातूचा गोळा दिला. गोळ्यात पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला दाबाखालचे तेल. खड्डा आला की तेल वायूला दाबते आणि धक्का तिथेच जिरतो. मागे तीन माणसे बसली, डिकी भरली, तरी पंप जास्त तेल सोडतो आणि गाडी पुन्हा समतल होते. युद्धानंतर फ्रान्सचे रस्ते वाईट होते. त्यांवर हे सुख लोकांना जादूसारखे वाटले. चाक बदलायला नेहमीचा जॅक लागत नसे. तरफ ओढून गाडी उंच करायची, खाली टेकू लावायचा आणि तरफ उलटी फिरवायची. गाडी आपणहून पाय पोटाशी घेते! त्याशिवाय पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, क्लचच्या पेडलशिवाय गिअर आणि आतली ऐसपैस जागा. 1955 साली घरगुती गाडीत एवढे सगळे दुसरीकडे कुठे मिळत नव्हते.

आता दुसरी बाजू. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, गिअर हे सगळे एकाच हायड्रॉलिक यंत्रणेच्या जिवावर चालायचे. एखादी नळी गळाली की त्रास एकाच जागी थांबत नसे. गाडी खाली बसायची, स्टिअरिंग जड व्हायचे. सुरुवातीचे लाल तेल हवेतला ओलावा शोषायचे आणि आतून गंज धरायचा. खनिज स्वरूपाचे हिरवे तेल आले 1966 नंतर. पुढचे ब्रेक चाकात नसून गिअरबॉक्सजवळ होते, त्यामुळे पॅड बदलणे ही एक शिक्षाच. आणि एवढ्या आधुनिक देहात इंजिन मात्र जुनेच. नवे सहा सिलिंडरचे इंजिन जमले नाही, म्हणून 1934 च्या मॉडेलच्या घराण्यातले 1911 सीसीचे, 75 अश्वशक्तीचे इंजिन बसवावे लागले. शेवटी कंपनीने 1957 मध्ये आयडी नावाची साधी, स्वस्त बहीण आणली. तिच्यात बरीच हायड्रॉलिक करामत वगळली होती.

मग एवढ्या नाजूक गाडीचे नाव फौजी इतिहासात कसे आले? 22 ऑगस्ट 1962 च्या संध्याकाळी पॅरिसजवळ पती-क्लामार येथे. राष्ट्राध्यक्ष जनरल द गोल, त्यांच्या पत्नी इव्हॉन आणि जावई कर्नल द ब्वासिए व्हिलाकुब्ले विमानतळाकडे निघाले होते. गाडी बिनचिलखती डीएस. अल्जेरिया सोडल्याचा राग धरलेल्या गटाने शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या. 14 गाडीला लागल्या, दोन टायर फुटले, मागची काच फुटली. चालक फ्रान्सिस मारू यांनी वेग कमी केला नाही. गाडी डगमगली, पण उलटली नाही. आतल्या कोणालाही इजा झाली नाही. याच मारूंनी सप्टेंबर 1961 मध्ये रस्त्यावर पेटवलेल्या स्फोटकांच्या ज्वाळांतून द गोल यांना बाहेर काढले होते.

श्रेय कोणाचे? गाडी समतल ठेवणारे सस्पेन्शन आणि पुढच्या चाकांना मिळणारी ताकद यांचा वाटा आहेच. पण घाबरून ब्रेकवर पाय न देणारा माणूस चाकामागे नसता, तर यंत्र एकटे काय करणार होते? सर्व्हिसिंग नीट असेल आणि चालवणारा जाणकार असेल, तरच गुंतागुंतीचे यंत्र संकटात कामी येते. अशा गाडीसोबत तयार कारागीर आणि सुटे भागही द्यावे लागतात. ते जिथे पोचत नाहीत, तिथे मी अँबेसेडरच मागेन.

या कटाचा सूत्रधार होता लेफ्टनंट कर्नल बास्तियाँ-तिरी, फ्रेंच हवाई दलाचा अभियंता, एकोल पॉलिटेक्निकचा विद्यार्थी. तारेने मार्गदर्शन होणाऱ्या एसएस-10 आणि एसएस-11 या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांच्या विकासात त्याचा मोठा हात होता. एसएस-11 हे नाव आपल्या जुन्या साथीदारांना ओळखीचे वाटेल. हैदराबादच्या भारत डायनामिक्सने सुरुवातीच्या काळात परवान्याखाली बनवले ते याच घराण्यातले एसएस-11 बी1.

द गोल यांनी त्याच्या दोन साथीदारांचा मृत्युदंड माफ केला, त्याचा नाही. 11 मार्च 1963 रोजी इव्हरीच्या किल्ल्यात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. बुद्धी होती, शिक्षण होते, देशाला उपयोगी पडलेले काम होते. अल्जेरियाबद्दलचे त्याचे दुःखही खोटे नसेल. पण निवडून आलेल्या सरकारचा निर्णय पटला नाही म्हणून वर्दीतल्या माणसाने रस्त्यावर दबा धरावा, याला कुठलेही दुःख पुरत नाही. पटत नसेल तर बोलायचे, तरीही जमत नसेल तर राजीनामा द्यायचा. आपल्याला अकादमीत शिकवले ते हेच.

डीएसचे उत्पादन 1975 मध्ये थांबले. तोवर साडेचौदा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या होत्या. आदल्याच वर्षी डबघाईला आलेली कंपनी प्यूजोच्या आश्रयाला गेली होती.