आखाजीचे पत्ते आणि वर्षाचा हिशेब

खान्देशातील धरणगावी ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ साली वखार घातली आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली, ही या गावच्या इतिहासातील प्रसिद्ध नोंद आहे. परंतु ज्या काळी त्या वखारीच्या दप्तरात कापडाचा जमाखर्च चढत होता, त्या काळी युरोपात टॅरो नावाच्या चित्रमय पत्त्यांचा भविष्यकथनाशी संबंध जडलेला नव्हता, हे आज ते पत्ते हाती घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील सरदारांच्या दरबारी जन्मलेला हा ७८ पानांचा जोड निव्वळ खेळाचा होता. त्यांतील ५६ पाने चार रंगांची, आणि उरलेल्या २२ पानांवर सम्राट, संन्यासी, मृत्यू, दैवचक्र अशी चित्रे. सोळाव्या शतकात तेथील कवी एखाद्या व्यक्तीस यांपैकी एक पान नेमून देत आणि त्या चित्राच्या आधाराने तिच्या स्वभावाचे वर्णन पद्यात करीत; म्हणजे चित्रावरून मनुष्य ओळखण्याचा हा उद्योग भाकितांहून जुना आहे. पुढे पॅरिसच्या कूर द झेबलँ या पंडिताने १७८१ मध्ये या पानांत प्राचीन मिसरची गूढविद्या दडल्याचे प्रतिपादन केले, त्याला आधार काहीही नसता लोकांनी ते उचलून धरले, आणि एतेया या नावाने वावरणाऱ्या गृहस्थाने त्यांवरून भविष्य सांगण्याचा व्यवसाय मांडला. १९०९ मध्ये आर्थर वेट यांच्या सूचनेवरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने लंडनमध्ये नवा जोड काढला आणि पूर्वी ज्या पानांवर केवळ ठिपक्यांसारखी चिन्हे असत, त्यांवरही माणसांचे प्रसंग रेखाटले; तेव्हापासून पाहणाऱ्याला त्या प्रसंगांत स्वतःला उभे करणे फार सुलभ झाले.

आज जे लोक हे पत्ते 'पुढे काय होईल' असे न विचारता 'माझ्या मनात काय चालले आहे' असे विचारण्यासाठी मांडतात, त्यांची रीत मला परकी वाटत नाही, आणि याचे कारण आखाजी होय. अक्षय्य तृतीयेचा हा सण खान्देशात दिवाळीच्या तोडीचा मानला जातो. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराईची गाणी आणि झोके रंगतात, पितरांच्या नावे भरलेली घागर पुजली जाते, घरोघर सांजोऱ्या होतात. आणि एरवी निंद्य ठरणारा पत्त्यांचा डाव त्या दिवशी रूढीच्या आश्रयाने ओट्याओट्यावर बसतो. कित्येक घरी घागरीखाली मातीची चार ढेकळे पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या नावाने ठेवतात आणि कोणते किती भिजले यावरून पर्जन्यमानाचा अंदाज बांधतात. याच सणाला सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या शेतगड्याचे, साल संपते: उचल किती घेतली, खाडे किती झाले, देणे किती उरले, याचा मालकाशी हिशेब होतो आणि नव्या सालाची बोली ठरते. ढेकळांकडून पावसाचा कौल घ्यावा, पत्त्यांकडून नशिबाचा, आणि झाल्या वर्षाचा झाडा मात्र माणसाने माणसाशी समोरासमोर बसून घ्यावा, असे तीन व्यवहार या एका तिथीला एकत्र आले आहेत. आणि त्यांतला तिसरा, ज्याची गाणी कोणी गात नाही, तोच मला सर्वांत थोर वाटतो. चित्र समोर ठेवून केलेले आत्मपरीक्षण त्याच जातीचे आहे.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण येथे टाळता येणार नाही. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या आणि अकाली वैधव्य आलेल्या या शेतकरी स्त्रीने आपल्या एका गाण्यात ज्योतिष्याला दारात येऊ नको, हात पाहू नको, असे स्पष्ट बजावले आहे, कारण आपले दैव आपल्याला कळते असा तिचा दावा आहे. १९५२ मध्ये, तिच्या निधनानंतर, ही गाणी ग्रंथरूपाने आली, तेव्हा महाराष्ट्र तिच्या उपमांनी थक्क झाला. मला मात्र तिच्या या निर्धाराचे अधिक आश्चर्य वाटते. जे भोगले त्याचा अर्थ लावण्याचा हक्क ती कुणाच्याही हवाली करीत नाही. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलेल्या मोक्षपटातही, कवड्या टाकून सद्गुणांच्या शिड्या चढताना आणि दुर्गुणांच्या सापांवरून उतरताना, खेळणाऱ्याने आपले आचरणच तपासावे अशी अपेक्षा होती.

म्हणून दैवचक्राचे पान उलगडले असता यंदा कापसाला भाव येईल काय, हा प्रश्न त्याला विचारू नये. गेल्या वेळी चाक खाली आले तेव्हा मी कोणाशी कसा वागलो, कोणाचे देणे बुडवले, कोणाचा हात धरला, हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पानाजवळ नाही, दुसऱ्याचे विचारणाऱ्याजवळ आहे, आणि चित्राचे काम ते उत्तर त्याच्याकडून वदवून घेणे एवढेच.

ज्यांना हे अवघड वाटेल त्यांनी धरणगावच्याच सुपुत्राकडे जावे. १८९० साली येथे जन्मलेल्या बालकवींनी 'औदुंबर' या अवघ्या आठ ओळींच्या कवितेत झरा, गाव, शेतमळे, पायवाट आणि डोहाच्या पाण्यात पाय सोडून बसलेले एक झाड एवढेच चित्र काढले आणि त्याचा अर्थ सांगितला नाही. त्यात कोणा समीक्षकाला विरक्त योगी दिसला, कोणाला औदासीन्य, कोणाला केवळ निसर्ग. ती कविता प्रथम वाचावी, आपल्याला त्या झाडात कोण बसलेले दिसते ते प्रामाणिकपणे लिहून काढावे, आणि मग पत्त्यांचा जोड उघडावा. त्याच्यासोबत येणारी अर्थांची पुस्तिका खुशाल पेटीतच राहू द्यावी.