धुळवडीचं तोंडी लावणं

आमच्या पैठणच्या पट्ट्यात होळीला पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी धुळवडीला मटण. मटणाबरोबर तोंडी लावायला सुकटीची चटणी लागायचीच. ज्याच्या घरी मटण परवडायचं नाही, त्याची धुळवड नुसत्या चटणी-भाकरीवर व्हायची.

समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या पुढं. आमच्या मायनं तो जन्मात पाहिला नाही. पण किनाऱ्यावर वाळवलेली ही बारीक कोळंबी आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेली असे. वाळलेली असल्यानं घरात महिनोन् महिने टिकायची. माय ती सुपात पाखडायची, कोरड्या तव्यावर खमंग भाजायची आणि लसूण, लाल मिरची, मीठ घालून पाट्यावर रगडायची. वास आख्ख्या गल्लीत जायचा. ताजी मासळी म्हणजे गोदावरीत भोई जाळं टाकत ती, आणि तीही कधीमधी.

मग जायकवाडी आलं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. गावंच्या गावं पाण्याखाली गेली, त्यात आमचं काळं रानही गेलं. धरणाला नाथसागर नाव मिळालं. म्हणजे सागर शेवटी आमच्या दारात आला, पण आमच्याच रानावरून.

पुढच्या धुळवडीला वडिलांनी धरणातला ताजा मासा आणला. मी तेव्हा दहावीला होतो. मायनं तो चिरला, शिजवला, आम्हाला वाढला. स्वतः मात्र तव्यावर मूठभर सुकट टाकली. वडील म्हणाले, "अगं, ताजं सोडून हे काय खातीस?"

"अवं, आपलं रान हाय त्या पान्याखाली. माझ्या घशाखाली न्हाई उतरायचं."

वडील ताटावरून उठले नाहीत, पण पुढं बोललेही नाहीत.

धरणानं खालच्या गावांना पाणी दिलं, शहराची तहान भागवली. कित्येक घरं मासेमारीवर उभी राहिली. हे मी नाकारत नाही, मीही रोहू-कटला आवडीनं खातो. २०१६ च्या दुष्काळात पाणी पार तळाला गेलं, तेव्हा मी आमचं रान शोधत गाळात हिंडलो. बांध काही ओळखू आला नाही.

माय आता नाही. धुळवडीला आमच्या घरी धरणातला मासा तळतात. पाटा गेला, मिक्सर आला. पण सुकट मी स्वतः भाजतो, आणि पहिला घास तिचाच घेतो.