दप्तर लावणे

दप्तर लावणे : कागदपत्रे विषय, प्रदेश व काल यांच्या अनुरोधाने क्रमवार ठेवून हवा तो कागद वेळेवर हाती येईल, अशी व्यवस्था करणे. ‘दप्तर’ हा शब्द फार्सी ‘दफ्तर’वरून मराठीत आला असून त्याचे मूळ चामडे या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. ‘लावणे’ हे ‘लागणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप होय. एखादी गोष्ट तिच्या जागी नेऊन इतरांशी तिचा संबंध जुळविणे, हा त्याचा अर्थ पोथी लावणे, हिशेब लावणे, अर्थ लावणे इ. प्रयोगांत आढळतो. दप्तराच्या संदर्भात तो विशेष काटेकोर झाला.

पेशवाईत हे काम पुण्याच्या हुजूर दप्तरात पद्धतशीरपणे चाले. त्याचे चालते दप्तर व एकबेरीज दप्तर असे दोन मुख्य विभाग होते. चालत्या दप्तरात फड, बेहेडा व सरंजाम ही खाती असत. सनदा व हुकूम फडावरून निघत. बेहेड्यात महालांचे वार्षिक अंदाज तयार होत. एकबेरीज दप्तरात निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र करून त्यांवरून खतावणी, ताळेबंद व तर्जुमा सिद्ध करीत. खतावणीत रकमा त्या त्या सदराखाली घातल्या जात, ताळेबंदात जमा, खर्च व शिल्लक यांचा गोषवारा असे, तर तर्जुम्यात निरनिराळ्या हिशेबांची तुलना असे. एकाच व्यवहाराची नोंद अशा रीतीने अनेक ठिकाणी उमटत असल्याने अफरातफर लपविणे अवघड होई. नाना फडणीसांच्या (१७४२–१८००) काळात ही शिस्त उत्तम राहिली. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) मात्र तिच्याकडे दुर्लक्ष झाले.

या व्यवस्थेवर केवळ सरकारी हिशेबच अवलंबून नव्हते. वतनदाराची वा इनामदाराची मूळ सनद जळाली, हरवली किंवा तिच्याविषयी तंटा उद्भवला, तर दप्तरातील नोंद हाच त्याच्या हक्काचा मोठा आधार असे. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर हे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे इनाम कमिशनने १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनामांची चौकशी केली, तेव्हा जुने कागद हक्कांच्या पडताळणीसाठी तपासण्यात आले. ज्यांना आपला हक्क सिद्ध करता आला नाही, अशा अनेकांची इनामे सरकारजमा झाली. राज्य चालविण्यासाठी लावलेले दप्तर अशा प्रकारे हक्क नाकारण्याचेही साधन बनले.

पुण्याच्या पुरालेखागारात हे कागद आजही कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, शाहू दप्तर ही त्यांतील काही प्रमुख सदरे होत. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. अशा संग्रहात एखादा कागद मूळ रुमालातून निघून भलत्याच रुमालात गेला, तर तो नष्ट न होताही अभ्यासकाला गमावल्यासारखाच होतो. शिवाय शेजारच्या कागदांवरून कळणारा त्याचा काल व प्रसंगही अनिश्चित होतो.

आधुनिक मराठीत ‘दप्तर’ शाळकरी मुलाच्या पिशवीलाही म्हणतात. ‘दप्तरी दाखल करणे’ या प्रयोगाला तर एखादे प्रकरण पुढे न नेता बाजूला ठेवून देणे, अशी अर्थच्छटा आली आहे. ‘दप्तर लावणे’ या प्रयोगाचा रोख याच्या नेमका उलट होता : कागद ठेवावयाचा तो पुन्हा काढता यावा म्हणून.